चिठ्ठी नसलेला फोन

मंगळवारी दुपारी पावणेपाचच्या सुमाराला बायको कामाला जायची त्या हॉटेलचा वॉचमन दुकानात आला, तेव्हा दुकानदार एका क्रेन ऑपरेटरच्या फोनमधला सिमचा ट्रे बाहेर काढून त्यावरची बारीक अक्षरं भिंगातून वाचत होता.

"काका, चला. तुम्हाला बोलावलंय," वॉचमन धापा टाकत म्हणाला.

"कुणी?"

"चला तर खरं."

"दोन मिनिटं थांब. यांना एवढी चिठ्ठी देतो."

वॉचमन दाराच्या चौकटीला टेकून, टोपी हातात फिरवत उभा राहिला. त्यानं टोपी काढली आहे हे तेव्हा लक्षात आलं नाही. नंतर पुष्कळदा आलं. दोन मिनिटांची पाच झाली. चिठ्ठी लिहून झाली, सही झाली, शिक्का मारून झाला. वरची प्रत ऑपरेटरला दिली, खालची कार्बनची वहीत राहिली, आणि मग शटर ओढून तो निघाला.

वाटेत त्यानं विचारलं, "हिला बरं नाहीये का?"

"मी गेटवरचा माणूस, काका. मला काय ठाऊक?" वॉचमन म्हणाला आणि दुसरीकडे बघायला लागला. तेव्हाच काय ते कळलं.

बायको गेली होती. हॉटेलच्या तळघरात, चादरींच्या कोठीत. फाटलेल्या चादरी, टेबलक्लॉथ, उशांचे अभ्रे दुरुस्त करायचं काम ती तिथं अकरा वर्षं करत होती. शिवणयंत्र वर पहिल्या मजल्यावर होतं. कापड आणायला, घडी करून ठेवायला तेवढी ती खाली कोठीत जायची.

त्याचं दुकान म्हणाल तर हातभर रुंद. त्या गल्लीत फोन दुरुस्त करणारे सतरा होते, पण परदेशी निघालेली माणसं याच्याकडेच यायची. खलाशी, नर्सा, ड्रायव्हर, क्रेनवाले. "हा फोन तिकडे चालेल का?" एवढाच त्यांचा प्रश्न. त्यानं पाटी लावली होती, 'कोणत्या देशात कोणता बँड चालेल ते येथे सांगितले जाईल.' एकदा एक माणूस खरोखरच लग्नासाठी बँड ठरवायला आला, आणि वाजवणारे किती, गाणी कुठली, पोशाख लाल का निळा, असं विचारत बसला. त्या दिवसापासून अख्खी गल्ली त्याला बँडवाले म्हणायला लागली. बायकोही सोडायची नाही. "अहो बँडवाले, वाजवून झालं असेल तर जेवायला चला."

कामाची गोष्ट साधी होती. फोन म्हणजे शेवटी रेडिओच. प्रत्येक देशातले टॉवर आपापल्या पट्ट्यांत, म्हणजे बँडांत, बोलतात, आणि तो पट्टा फोनला ऐकू आला तर फोन चालतो, नाहीतर मुका. काही पट्टे मंद पण चिवट असतात. नऊशेचा पट्टा भिंतीतून जातो, जिन्याखाली जातो, तळघरात उतरतो. तेवीसशेचा पट्टा वेगानं पळतो, पण जाड भिंत आडवी आली की गपगार. कंपनी एकाच नावाचा फोन दहा देशांत विकते आणि प्रत्येक देशासाठी आत वेगवेगळे पट्टे घालते. बाहेरून सगळे जुळे भाऊ. फरक कळतो तो ट्रेवरच्या नंबरातल्या शेवटच्या अक्षरावरून.

म्हणून तो गिऱ्हाइकाच्या शब्दावर कधी विसंबायचा नाही. कुणी खोका पुढे केला की म्हणायचा, "खोका घरी ठेवा, फोन दाखवा." खोक्यावर विश्वास ठेवलेली माणसं परक्या विमानतळावर मुका फोन हातात घेऊन कशी उभी राहतात, ते त्यानं ऐकलं होतं. अक्षर स्वतः वाचायचं, पट्टे लिहायचे, खाली सही करायची. चुकलं तर माणसानं येऊन आपली मान धरावी. वीस वर्षांत कुणी धरली नव्हती.

लोक भेटायला येऊन गेले. दुसऱ्या दिवशी कोठीच्या मॅडम आल्या, बायकोच्या वरच्या. जाड चष्म्याच्या, पन्नाशीच्या बाई. खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि म्हणाल्या, "बसल्या जागी गेल्या हो. त्रास म्हणून काही झाला नाही. त्यांना कळलंसुद्धा नाही." जाताना संत्र्यांची पिशवी ठेवून गेल्या.

चौथ्या दिवशी हॉटेलनं दिलेली प्लास्टिकची थैली त्यानं उघडली. आत चष्मा, शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान आणि फोन. फोन मेलेला होता. त्यानं तो चार्जिंगला लावला. कुणाचा निरोप राहिला असेल तर कळवावं, एवढाच हेतू.

केलेल्या फोनांच्या यादीत सगळ्यात वर त्याचं नाव होतं. पाच वेळा. पहिला तीन वाजून अकरा मिनिटांनी, शेवटचा तीन चौतीसला. पाचही न लागलेले.

त्यानं आपला फोन काढला. मंगळवार, दुपार. यादी कोरी. एकही फोन आलेला नव्हता.

तो खाली बसला. बसल्या जागी गेल्या, कळलंसुद्धा नाही. आणि तेवीस मिनिटं कुणाला कळत होतं? मनात पाल चुकचुकली ती तिथं.

बायकोची थोरली बहीण तेरा-चौदा दिवसांसाठी म्हणून येऊन राहिली होती. तो तिला ताई म्हणायचा. ती स्वयंपाकघरातून बाहेर आली तेव्हा हा दोन हातांत दोन फोन धरून बसलेला.

"ताई, याला तुम्ही हात लावला होता का?"

"मला माझा फोन लावता येत नाही, तिचा काय लावू?"

"ती बाई खोटं बोलली."

"कुठली?"

"संत्रीवाली. चोराच्या मनात चांदणं. काही केलं नसेल तर संत्री कशाला आणली?"

"भेटायला येणारी माणसं फळं आणतात, भाऊजी."

"दोन डझन?"

ताईनं एक संत्रं सोललं आणि त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं खाल्लं नाही.

त्या दिवसापासून त्याला जिथंतिथं पाणी मुरताना दिसायला लागलं. वॉचमननं नजर का चुकवली? हॉटेलनं थैलीवर सही का घेतली? मॅडम खुर्चीच्या कडेवर का बसल्या, नीट का बसल्या नाहीत? शेजारचा दुरुस्तीवाला चहा घेऊन आला तर वाटायचं, हा बघायला आलाय. काय बघायला, ते ठाऊक नव्हतं. वीस वर्षं फोन उघडून दोष शोधायची सवय. दोष असतोच, फक्त सापडायचा असतो.

आधी त्यानं नेटवर्क कंपनीला धरलं. तीन दिवस फोन करून, वेगवेगळ्या माणसांना तेच तेच सांगितल्यावर शेवटी एका बाईनं नोंद बघितली. ती म्हणाली, "सर, तीन वाजून दोन मिनिटांपासून तो फोन आमच्या नेटवर्कवरच नव्हता. त्यामुळे कॉल आमच्यापर्यंत आलेच नाहीत."

"म्हणजे तुम्ही हात झटकले."

"सर, फोन नेटवर्कवर नव्हता एवढंच मी सांगू शकते."

हात झटकले असं तो म्हणाला खरा, पण त्यातली गोम त्याला कळली. बाई खरं बोलत होती. बायको तीन वाजता खाली उतरली, आणि उतरल्याबरोबर फोन मुका झाला. तळघरात उतरतो तो नऊशेचा पट्टा. म्हणजे या फोनला नऊशे ऐकू येत नव्हतं.

आणि फोन पाठवला होता जावयानं.

मुलगी आणि जावई परदेशी होते. वर्षापूर्वी जावयानं सासूसाठी तिथून फोन पाठवला होता, मोठ्या पडद्याचा, नातू नीट दिसावा म्हणून. त्या देशात टॉवर नऊशेत बोलतच नाहीत, हे तो झोपेतसुद्धा सांगू शकला असता. जावयाविषयी त्याच्या मनात पहिल्यापासून एक खडा होता. माणूस गोड बोलायचा. कशालाही 'हो बाबा' म्हणायचा. कशालाही 'हो' म्हणणाऱ्या माणसाचं खरं 'नाही' कुठलं ते कसं कळायचं?

रविवारी मुलीचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, "जावईबापूंना दे."

ताई समोर बसली होती. फोनचा आवाज मोठा होता.

"नमस्कार बाबा."

"तो फोन कुठून घेतला होता तुम्ही?"

"आईंचा? इथूनच. घराजवळच्या दुकानातून."

"तिथल्यासाठी बनवलेला."

"हो बाबा."

"त्याला नऊशेचा पट्टा नाही. ती तळघरात तेवीस मिनिटं मला फोन लावत होती आणि तो लागत नव्हता. तुमच्या फोननं नेली तिला."

मग जावई हळू आवाजात म्हणाला, "बाबा, घेण्याआधी मी तुम्हाला विचारलं होतं. खोक्याचा फोटो पाठवला होता. तुम्ही 'चालेल' म्हणालात."

"खोक्याचा! खोक्यावर कुणी विश्वास ठेवतं का?"

"तुम्ही ठेवलात, बाबा."

पहिल्यांदाच जावई 'हो बाबा' म्हणाला नव्हता.

मुलीनं फोन हातात घेतला असावा. "बाबा, आत्ता काय म्हणालात ते पुन्हा म्हणा."

"म्हणतो की. घाबरतो काय?" आणि त्यानं ते पुन्हा म्हटलं, शब्दाला शब्द.

मुलीनं फोन ठेवला. पुढच्या रविवारी आला नाही. आई होती तेव्हा एक रविवार चुकला नव्हता.

ताईनं तेरा-चौदा दिवसांचा मुक्काम वाढवला. म्हणाली, "तुम्हाला एकटं सोडलं तर तुम्ही भिंतीशी भांडाल."

"मी खरं तेच बोललो."

"खरं असेल. पण एकुलत्या एका मुलीला एवढं खरं ऐकवायचं नसतं."

खरं आहे हे दाखवायचं म्हणून विसाव्या दिवशी तो हॉटेलात गेला. एका पिशवीत बायकोचा फोन, आपला, आणि फोटो काढायला घरात पडलेला एक जुना. आपला इथलाच, साधा, सगळे पट्टे ऐकणारा. दोन्ही तळघरात शेजारी ठेवायचे, फोटो काढायचा आणि जावयाला पाठवायचा. मग बघू काय म्हणतो.

वॉचमननं त्याला बघून टोपी काढली. या वेळी ते लक्षात आलं.

कोठी लांबट होती. दोन्ही बाजूंना छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर पांढऱ्या घड्या. इस्त्रीच्या वाफेचा आणि साबणाचा वास. दोघी बायका टेबलावर अभ्रे मोजत होत्या. त्याला बघून त्यांचं मोजणं थांबलं. एक दुसरीच्या कानात काहीतरी म्हणाली. तो केस करायला आला आहे असं त्यांना वाटलं असणार, आणि तसं वाटलेलं त्याला बरंच वाटलं.

मॅडम आल्या. "कुठं बसल्या होत्या ते बघायचंय का?"

"हो."

शेवटच्या फळीपाशी कपड्यांच्या गाठोड्यांचा ढीग होता. तिथं. त्यानं गुडघे टेकून दोन्ही फोन गाठोड्यावर ठेवले. त्याच्या फोनवर सिग्नलच्या तीन दांड्या. बायकोच्या फोनवर एकही नाही, नुसती फुली. त्यानं जुन्या फोननं फोटो काढला. तो हलला म्हणून दुसरा काढला.

उठताना त्याला भिंतीवरचा आतला फोन दिसला, वर ऑफिसला लागणारा. गाठोड्यांपासून त्यानं पावलं मोजली. सहा.

"हा त्या दिवशी बंद होता ना?" त्यानं विचारलं. "वायर नवी दिसतेय."

"वायर नवी नाही. पुसलीय." मॅडमनी रिसीव्हर काढून त्याच्या कानाला लावला. आत सूर वाजत होता. "तेव्हाही चालू होता. मीच त्यावरून वर कळवलं."

"मग तिनं का नाही लावला?"

मॅडमनी रिसीव्हर परत अडकवला.

"आणि तुम्ही म्हणालात बसल्या जागी गेली. तेवीस मिनिटं ती फोन लावत होती. तुम्ही कुठं होतात?"

"वर. या दोघींना घेऊन फाटक्या टेबलक्लॉथवरून भटारखान्यातल्या लोकांशी भांडत होते. चार वाजता खाली आले." त्यांनी चष्मा काढला. "खोटं बोलले मी. दुःखात बसलेल्या माणसाला दुसरं काय सांगतात, मला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत असेल तर सांगा."

त्यानं बायकोचा फोन वर धरला. "हा इथं चालत नाही. बघा. एक दांडी नाही."

"ते आम्हाला ठाऊक आहे," अभ्रे मोजणारी एक जण म्हणाली. "त्यांचा चालायचा नाही इथं. आमचे चालतात. जेवणाच्या सुट्टीत आम्ही इथंच बसून मालिका बघतो. मी किती वेळा म्हटलं, काकू, तुमचा फोन बिघडलाय, काकांना दाखवा."

"मग?"

"म्हणायच्या, आमच्या यांनी सांगितलंय, तळघरात कुणाचाच चालत नाही. मी म्हटलं, अहो आमचे चालतायत की डोळ्यांदेखत! तर म्हणाल्या, दांड्यांवर जाऊ नका, दांड्या खोटं बोलतात. यांना जास्त कळतं, की तुम्हाला?" ती हसायला गेली आणि मध्येच थांबली. "तुमच्याबद्दल एक शब्द ऐकून घ्यायच्या नाहीत."

मॅडम म्हणाल्या, "अहो, धाग्याचा रंग ठरवायचा तरी आधी तुम्हाला फोन. त्या दिवशी दुसरं कुणाला लावणार?"

तो जिना चढून वर आला. रस्त्यावर येईपर्यंत त्याला ती संध्याकाळ आठवली होती. दोघं जेवत होते. ती म्हणाली, "अहो, खाली कोठीत गेलं की माझा फोन मुका होतो." त्यानं ताटातून मान वर केली नव्हती. "तळघर आहे ते. तिथं कुणाचाच चालत नसणार." दांड्या खोटं बोलतात, हेही त्याचंच वाक्य. गिऱ्हाइकांना सांगायचा.

बरं, नीट बघितलं नाही ही चूक झाली, त्यानं स्वतःला सांगितलं. पण फोन मुळात खोटा पाठवणाऱ्याची चूक मोठी. फोटो पिशवीत होता. संध्याकाळी पाठवू.

घरी जाऊन ताईशी बोलायचं जिवावर आलं, म्हणून त्यानं वीस दिवसांनी दुकानाचं शटर उघडलं. टेबलावर धूळ होती. भिंग तसंच पडलं होतं, चिठ्ठ्यांचं पुस्तक तसंच उघडं.

तासाभरात क्रेन ऑपरेटर आला. ऐसपैस, मोठ्या आवाजाचा माणूस.

"काका, किती खेपा घातल्या! उद्या निघायचंय. तुमची चिठ्ठी पँटबरोबर धुतली गेली. बायकोनं खिसे बघितले नाहीत. मी म्हटलं, बाई, एवढासा कागद, त्यावर माझं सगळं परदेश होतं! ती म्हणते, मग तोंडपाठ करायचं होतं." मग त्याच्या लक्षात आलं. "माफ करा. शेजारी कळलं मला. मी फोन घेऊन इथं बसलो होतो तेव्हाच तो वॉचमन आला ना?"

"तेव्हाच."

"नंतर येऊ का?"

"बसा. नक्कल आहे वहीत. लिहून देतो."

पुस्तकात वरचंच पान होतं. कार्बनची निळी, थोडी फिसकटलेली अक्षरं, पण आपली. फोनचं नाव, नंबर, शेवटचं अक्षर. तो उतरवायला लागला आणि थांबला. त्यानं पिशवीतून बायकोचा फोन काढला, टाचणीनं ट्रे बाहेर काढला आणि भिंगाखाली धरला. वर्षभरात पहिल्यांदाच.

तेच नाव. तोच नंबर. शेवटचं अक्षरही तेच.

त्यानं चिठ्ठीवरची ओळ परत वाचली. त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'नऊशे : चालेल.' पुढे कंसात, 'या कंपनीने प्रवाशांसाठी घातला आहे.' खाली सही. वॉचमन दारात उभा होता तेव्हा केलेली.

"काय झालं?" ऑपरेटर म्हणाला. "माझा चालणार नाही का?"

"तुमचा चालेल."

"तुमचा चेहरा तसं म्हणत नाही, काका."

"चालेल. तळघरातही चालेल. सही करून देतो."

ऑपरेटर गेला. तो बायकोच्या फोनकडे बघत बसला. ज्याला नऊशे ऐकू येतं तो फोन तळघरात मुका का? आतला तुकडा बिघडला असेल. पडला असेल कधी. नाहीतर कुणीतरी काहीतरी केलं असेल.

प्रत्येक फोनच्या पोटात एक यादी असते. गिऱ्हाइकाला ती दिसत नाही. ठरावीक आकडे दाबले की उघडते. फोनला कोणते पट्टे ऐकू येतात ते त्यात असतं, आणि प्रत्येकापुढे बरोबरची खूण. खूण काढली की तो पट्टा बंद. त्यानं आकडे दाबले. यादी उघडली. पाच पट्टे होते. खूण एकाच पुढे होती, तेवीसशेच्या.

चार खुणा कुणीतरी काढल्या होत्या. अशी खूण आपोआप निघत नाही. यादी उघडायचे आकडे ठाऊक असणारी गल्लीत तीन माणसं. शेजारच्याच्या हातात हा फोन कधी गेला होता का? बायको त्याच्याकडे काच बसवायला गेली होती का? हॉटेलात कुणी? थैली चार दिवस घरात होती, येणारी-जाणारी माणसं होती. त्यानं एकेकाला मनाशी धरून बघितलं, शेजाऱ्याला तर थोडा जास्तच वेळ.

पण घरात ते आकडे ठाऊक असणारा एकच माणूस होता.

आठ महिन्यांपूर्वीचा रविवार. नातू नुकता चालायला लागला होता. मुलीनं फोन समोर धरला होता आणि तो पाय टाकत येत होता, आणि चित्र सारखं अडकत होतं. बायको ओरडली, "अहो, बघा ना! लेकरू एक पाय वर करून दगड झालंय!" खिडकीतून टॉवर दिसत होता, तेवीसशे भरपूर होतं, पण फोन उगाच मंद पट्ट्यावर उतरत होता. त्यानं फोन हातात घेतला, आकडे दाबले आणि बाकीच्या चार खुणा काढून टाकल्या. आता पळ म्हणावं. आणि चित्र पळालं. नातू तीन पावलं चालला आणि बसकण मारून हसला. बायको मुलीला म्हणाली, "बघितलंस? तुझ्या बाबांच्या हाताला गुण आहे."

उद्या परत लावतो खुणा, असं तो तेव्हा म्हणाला होता. मनात. मोठ्यानं म्हटलं असतं तर तिनं आठवण केली असती. धाग्याच्या रंगासाठी करायची तसा फोन करून.

त्यानं मग चिठ्ठ्यांचं पुस्तक पुढे ओढलं, कार्बन नीट बसवला आणि लिहायला घेतलं. फोनचं नाव. नंबर. शेवटचं अक्षर. पाच पट्टे एकाखाली एक. 'नऊशे : फोनमध्ये आहे. बंद केलेला होता.' 'बंद करणारा' असं लिहून त्यानं पुढे सही केली. शिक्का मारला. घरातल्या फोनला दिलेली ती पहिली चिठ्ठी.

घरी गेल्यावर ताईनं पान वाढलं. "काढलात का फोटो?"

"काढला."

"मग? धाडलात जावयाला?"

"नाही."

ताईनं त्याच्याकडे निरखून बघितलं. वीस दिवस तो सगळ्यांकडे बघत होता तसंच. "काय सापडलं, भाऊजी?"

"भाजीत मीठ कमी आहे," तो म्हणाला.

"बरोबर आहे," ताई म्हणाली. जेवण होईपर्यंत तिनं नजर काढली नाही.

त्याला तीन आठवडे झाले. ताई आपल्या घरी गेली. दुकान रोज उघडतं. तळघरातले फोटो त्यानं पुसून टाकले. बायकोचा फोन अंगुस्तानाशेजारी खणात आहे, चार खुणा अजून काढलेल्याच आहेत. चिठ्ठी पुस्तकातून फाडून जावयाला पाठवायची आहे, आणि त्याआधी मुलीला फोन करायचा आहे. चिठ्ठी अजून फाडलेली नाही. फोनही केलेला नाही.